कूलरच्या टपातली लवकी

बाबांचा लोखंडी कूलर सदतीस उन्हाळे चालला.
मोटर जळाली तेव्हा भंगारवाला म्हणाला, एकशे ऐंशी.
मी म्हटलं, राहू दे.
खालचा टप कापून गच्चीवर चढवला.
गंजाची भोकं होतीच,
पाणी निचरायला वेगळी पाडावी लागली नाहीत.

काळी माती हिंगण्याहून, दोन पोती.
शेणखत नंदनवनातल्या गोठ्यातून;
ऑटोवाला मानेवाड्यापर्यंत नाक दाबून आला
आणि वीस रुपये जास्त घेतले, नाकाचे.
गेल्या सालच्या ताट्यांचं वाळकं गवत वर अंथरलं.
आम्हाला गार ठेवलं त्यानं,
मुळांना ठेवील. ठेवलं तर.

सांभार पेरला. उगवला. चौथ्या दिवशी नव्हता.
भेदरं फुलली, फुलं गळाली.
मिरची उभी राहिली, रागानं, एका पानावर.
इतवारीतून हिरवी जाळी आणून बांधली
तर नवतप्यातल्या वाऱ्यानं ती उचलून
खालच्या झाड्यांच्या स्कूटरवर नेऊन घातली.

आडनाव झाडे, घरी एक कुंडी नाही.
रेल्वेतून रिटायर झाले, आता फक्त टाकी बघतात:
भरली का, सांडली का,
कोणाच्या वेलीनं किती पाणी प्यालं.
"तेवढ्या पैशात बाजारातून पोतंभर लवकी येईल, मॅडम."
येईल. मला माहीत आहे.
मी दिवसभर वीज कंपनीच्या खिडकीत बसते,
लोक मला आकडे दाखवत असतात.

वेल मात्र चढली.
टपातून दोरीवर, दोरीवरून डिशच्या छत्रीवर.
मे भर फुलं आली, पांढरी, संध्याकाळी उमलणारी,
आणि एकूण एक नर.
लांब देठ, मागे काही नाही.
उन्हाळ्यात असंच होतं म्हणे,
ताप उतरेस्तोवर वेल मुलीचं नाव काढत नाही.

मला पाहायला चौतीस मुलं आली होती,
आईच्या हिशेबानं.
माझ्या हिशेबानं एकोणतीस,
पाच जण नुसते पोहे खायला आले होते.
तो विषय कधीचा संपला.
आता पन्नाशीत रोज दिवेलागणीला गच्चीवर उभी राहून
बघते, आज तरी कोणी आली का.

जूनच्या एकवीस तारखेला आली.
फुलामागे करंगळीच्या नखाएवढी लवकी,
अंगभर लव.
इथे तिसऱ्या मजल्यावर भुंगा नाही, पाखरू नाही,
मग मीच.
एक नर तोडला, पाकळ्या मागे दुमडल्या,
पिवळी भुकटी तिच्या तोंडाला टेकवली, हलकेच,
लहान मुलाला औषध चाटवतात तशी.
मुहूर्त सात वाजून दहा.
मंगलाष्टकं, शेजारच्या कूलरची घरघर.
अक्षता नव्हत्या. मी हात धुतले
आणि कारण नसताना लाजले.

अशी चार लग्नं लावली त्या आठवड्यात.
तीन पिवळी पडली, सुकली, गळाली.
चौथी राहिली.
अंगठ्याएवढी झाली. मग वितीएवढी.
मी ऑफिसात कोणाला सांगितलं नाही.
सांगण्यासारखं काय होतं?

रविवारी टाकीचा फ्लोट अडकला,
झाडे पाना घेऊन वर आले.
पाना ठेवला. चष्मा पुसला.
डिशच्या छत्रीखाली ती लोंबत होती,
हिरवी, थोडी वाकडी, शेंड्याला वाळकं फूल अजून चिकटलेलं.
"अरे बाप्पा," म्हणाले,
आणि त्यांचा हात वर गेला.

कोवळ्या लवकीला बोट दाखवलं की ती सडते.
हे मी मानत नाही.
हे मी मुळीच मानत नाही,
पण माझा श्वास तिथेच थांबला.

हात अर्ध्यात थबकला.
मग त्या बड्या बेरकी माणसानं,
ज्यानं दोन महिने माझ्या बादल्या मोजल्या होत्या,
आपलं बोट हळूच आत दुमडलं
आणि वाकलेल्या पेरानं,
जणू कोणाच्या दारावर टकटक करावी तसं,
तिच्याकडे दाखवून विचारलं,
"ही... कधी काढणार?"