वीस पुरतात

स्लाइड थंड हवी. थेंब वीतभर उंचीवरून सोडायचा,
म्हणजे पेशी फुटते आणि आतलं सगळं
एकमेकांच्या अंगावर न चढता पसरतं.
एरंडवण्यातल्या या तळघरात अकरा वर्षं
मी हेच करते. हात हलू नये म्हणून श्वास धरते.

आज ज्ञानोबा तापकीर, वय एकसष्ट.
मज्जेतली लाल पेशींची पिल्लं मोठी होईनात.
त्यांनी खरं तर केंद्रक आवळायचं,
काठाशी ढकलत न्यायचं
आणि टाकून द्यायचं, आईबापाच्या अक्षरांची अख्खी वही.
मोकळी झाली तरच पेशी
केसाएवढ्या नळीतून वाकून जाते.
यांच्या पेशी सोडत नाहीत. एकीत दोन केंद्रकं, एकीत तीन,
फाटकी वही छातीशी धरून बसल्यात.

स्क्रीनवर जोड्या लावते. एक, दोन, तीन, चार.
पाचातल्या एकाचा लांब हात तुटलेला.
सात एकटाच.
आणि तळाशी चार तुकडे, कशाचे कशाला जोडलेले,
त्यांना आम्ही मार्कर म्हणतो,
म्हणजे ओळख पटली नाही.

दुपारी खिडकीशी तेच. एक हात कमरेवर, सुई टोचली तिथे.
रिपोर्टला वेळ आहे म्हटलं, तरी हलेनात.
"ह्या काय, अळ्या?"
"गुणसूत्रं. प्रत्येकाला नंबर असतो."
"मग माझा कुठला बिघडलाय?"
सांगायचं नसतं. ते डॉक्टर सांगतात, खुर्ची देऊन, पाणी देऊन.
पण माझं बोट अजून स्क्रीनवरच होतं.
"पाच?" ते हसले. "चौदा वर्षं पाच नंबरवर होतो. पीएमटीत, कंडक्टर.
फेरी रद्द केली डेपोनं, की लोक माझ्यावर ओरडायचे."
मग चष्मा वर करून,
"सातपण?
सातवर कधी ड्युटी नव्हती."

पावतीची उभी घडी घातली,
बोटांच्या बेचक्यात खोचली, सवयीनं,
आणि जिना चढून गेले. मध्ये दोनदा थांबले.

वीस पेशी पुरतात. वीस झाल्या होत्या, सगळ्या तशाच.
मी एकविसावी शोधली. तीही तशीच.
बाविसावी स्लाइडच्या पार कोपऱ्यात, डागाला लागून.
तिच्यात सेहेचाळीसच्या सेहेचाळीस जागेवर.
दोनदा मोजले.
रिपोर्टच्या ओळीत अगदी शेवटी तिला जागा असते,
कंसात, एक.
लिहिलं.