बाणस्तारी, मधल्या पाण्यात

तह जमिनीवर झाला नाही.
अलीकडच्या काठाला पाय लावला तर त्यांचा मान जाई,
पलीकडच्या काठाला लावला तर यांचा.
म्हणून दोन पडाव काथ्यानं एकमेकांना बांधले,
आणि भरतीच्या पाण्यात, नदीच्या मधोमध
मी उभा राहिलो. दुलबा शेणवी, सरकारी दुभाषी,
डावा पाय एका पडावात, उजवा दुसऱ्यात.
इनास तारी हळूच म्हणाला,
'शेणयबाब, लाट आली तर आधी कुठला पाय उचलणार?'

इकडे राजा. म्हणजे राजाचं नाव.
राजा स्वतः सहा महिन्यांच्या पाण्यापलीकडे,
आहे की गेला, ते पुढचं गलबत आल्यावर कळे.
नावच एवढं लांब, की लिहिताना कारकुनाला
दोनदा टाक बुडवावा लागला.
तिकडे घाटावरचं राज्य, इतकं कोवळं
की शिक्क्याच्या कडा अजून बोटाला टोचत,
आणि वकील राज्याचं नाव घेण्याआधी दर वेळी
घसा खाकरत,
परक्या घरी पहिल्यांदा पाणी मागावं तसा.

शत्रूचं नाव दोघांनी वेगवेगळं सांगितलं.
मी दोन्ही कागदांत 'तो' लिहिलं.
दोघेही खूश.

मग कलमं.
तांदूळ इतके खंडी, दारू इतकी पिंपं,
घोडे उतरवायचे ते दुर्भाटला, जकात निम्मी.
'आमिझाद,' कप्तान म्हणाला, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
मैत्री म्हणू? मैत्रीत कुणी ओलीस मागत नाही.
दोस्ती म्हणू? ती दिवेलागणीनंतरची.
मी 'सलोखा' लिहिलं.
मध्ये नदी असली तरच टिकणारा शब्द.

अकरावं कलम दीड ओळीचं होतं:
परवान्यावाचून रात्री नदी ओलांडलेली माणसं
ज्याची त्याला परत द्यावी.

सुकती लागली होती. काथ्या करकरत होता.
इनासनं वल्हं पाण्यात तसंच धरून ठेवलं.
त्याचा पाठचा भाऊ पलीकडे, कुंडईला,
अजून शाबीच.
आणि माझी आई याच पाण्यातून गेली होती.
टोपलीत कोंडा, कोंड्याखाली देव, देवाच्या वर मी,
रडू नये म्हणून तोंडात गुळाचा खडा.

फिरंगी कागदावर मी लिहिलं: परत द्यावी.
मोडीत लिहिलं: परत येऊ म्हणतील त्यांना अडवू नये.
मध्ये टाक थांबला,
मानेवरचा डास मारावा, तेवढाच.

लाख तापली. शिक्के बसले,
एक झिजलेला, एक टोचणारा.
यांनी तेरा तोफा सोडल्या.
त्यांच्याकडे तोफ नव्हती, त्यांनी शिंग फुंकलं,
ते मधेच फाटलं, पण कुणी हसलं नाही.
त्यानंतर तीन रात्री
मी दाराकडे तोंड करून झोपलो.

कुणी आलं नाही.
तह दीड वर्षानं मोडला तो
छत्तीस घोड्यांच्या उधारीवरून.
अकरावं कलम ना यांनी वाचलं, ना त्यांनी.
खरं सांगतो, थोडा रागच आला.
जन्मात एकदा जिवावर उदार होऊन काही लिहिलं,
आणि त्याला वाचक नाही.

नाही म्हणायला एक.
तह शाबूत होता तेव्हाची गोष्ट,
अमावास्येच्या आदली रात्र.
इनासनं मला धक्क्यावर थांबवलं.
पडावात सुक्या बांगड्यांच्या तीन गोणी होत्या.
एक गोण खोकली.
'शेणयबाब, कागदात काय लिहिलंय?'
'कुठल्या कागदात?' मी विचारलं.

तो जरा वेळ बघत राहिला.
मग वल्ह्याला फडकं गुंडाळून
त्यानं पडाव सोडला.

पहारेकरी धावत आला, मी अंधारात का उभा म्हणून.
म्हटलं, दिवा वाऱ्यानं गेला.

वारा नव्हता.