वळसा

पतसंस्थेची नोटीस आली मंगळवारी,
गुरुवारी रिपोर्ट : उपाशीपोटी दोनशे चौदा.
दोन्ही कागद मी टीव्हीखाली सरकवले.
टीव्हीचेही चार हप्ते बाकी होते.

कर्ज कशासाठी काढलं, वसुलीवाला विचारायचा.
सांगण्यासारखं काही असतं तर बरं झालं असतं,
एखादं आजारपण, एखादी बुडालेली होडी.
पण माझे पैसे गेले मोटारसायकलीत, मोबाइलात,
नाक्यावरच्या बारमधल्या वहीत,
आणि "असू दे, मी देतो" म्हणण्यात.
अख्ख्या वेंगुर्ल्यात माझ्याइतक्या वेळा
कुणी खिशात हात घातला नसेल.

जामीन होता कैतान.
बंदराच्या रस्त्याला त्याचं सायकलचं दुकान.
सही करण्याआधी त्याने हात पँटला पुसले,
तरी ग्रीसचा अंगठा उमटलाच फॉर्मवर.
नोटिशीची दुसरी प्रत त्याला गेली असणार.

मोटारसायकल विकली. उरले पाय.
घर ते काजूचा कारखाना, सरळ गेलं तर पंधरा मिनिटं.
सरळ रस्त्यावर कैतान.
म्हणून मी मागून जायला लागलो,
मांगरामागची पाणंद, मग मेरेवरून तोल सांभाळत,
ओहोळावरचा साकव,
पुढे खाडीच्या कडेने, जाळी सुकत असतात तिथून
कारखान्याच्या मागच्या फाटकात.
जाताना पन्नास मिनिटं. येताना पन्नास.
व्यायाम नव्हता तो. तोंड लपवणं होतं.

तीन महिन्यांनी डॉक्टर नाबरांनी आकडा पाहिला,
म्हणाले, "चालताय वाटतं?"
म्हटलं, "चालवून घेतोय."

वहीचं पान मधोमध दुमडलं.
डावीकडे साखर, उजवीकडे बाकी.
एकशे ब्याण्णव. एक लाख त्रेसष्ट हजार.
बार सुटला, त्याबरोबर निम्मे मित्रही.
वैजूने चहातली साखर न सांगता कमी केली,
रोज चिमूटभर, मला कळलंच नाही.
तशाच वाणसामानातून शंभर-शंभरच्या नोटा काढून
ती हप्त्यात घालत होती,
तेही कळलं नाही.
तळलेला बांगडा गेला, तिरफळाचं कालवण आलं.
नाचणीच्या भाकरीला मी वर्षभर शिव्या दिल्या,
आणि खाल्ली.

मग एका जत्रेत, मध्यरात्री, दशावतार रंगात आलेला,
अर्धा किलो खाजं उभ्याउभ्या संपवलं
आणि ओळखीच्या-अनोळखी साऱ्या पोरांना म्हणालो,
"असू दे, मी देतो."
त्या महिन्याचा हप्ता चुकला.
महिनाभर वही उघडली नाही.
पाय तेवढे चालत राहिले,
कारण कैतान होता तिथेच होता.

साडेतीन वर्षं.
पतसंस्थेतल्या मुलीने शिक्का मारला,
शाई सुकलेली, म्हणून पुन्हा मारला.
निरंक.
दाखला खिशात घालून मी सरळ रस्त्याने निघालो.

कैतान चाकाचे स्पोक आवळत होता.
मान वर न करता म्हणाला, "इलंस?"
मी कागद पुढे धरला. त्याने हात पँटला पुसले,
वाचला, परत दिला.
"इतको वळसो कित्याक घालतंस रे?
माका माडयेवरसून साकव दिसता.
रोज पावणेआठ.
तुका बघून मी दुकान उघडतंय."
नोटीस सोल्युशनच्या डब्याखाली होती,
तिच्यावर पंक्चरच्या ठिगळांचे गोल गोल डाग.
"चाय घेतलंस?"
"बिनसाखरेची," मी म्हटलं.
एवढं एकच वाक्य नीट बोलता आलं.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर थांबलो.
सरळ रस्ता मोकळा होता, कुणाचं काही देणं नव्हतं.
पाय मागच्या पाणंदीला वळले.
साकवावर उभा राहिलो
आणि बंदराच्या दिशेने हात वर केला,
दिसला की नाही कोण जाणे.
वारा तिकडूनच येत होता.
शटर वर गेल्याचा आवाज आला,
निदान तसं वाटलं.