मंगळवारी नक्की

तिसऱ्या दिवशीही टॉवर उठला नाही.
प्रणयनं फोन टिनावर चढून आभाळाला दाखवला,
मग कडुनिंबाच्या फांदीला टांगून पाहिला,
शेवटी कणकीच्या डब्यामागं सारून म्हणाला,
"आता कराव तरी काय बाबा, माणसानं?"

बारा वर्षांचा माणूस.

मी चिंध्यांच्या पोत्यातून अस्तराची एक पट्टी ओढली,
जांभळी, पलीकडच्या गल्लीतल्या नवरीच्या ब्लाऊजची,
आणि बांधली त्याच्या डोळ्यांवर.
समीक्षानं ताटल्या मांडल्या.
"सांग, काय हाय?"

तूर कळली. हरभरा तर लगेच.
बरबटीला तो सोयाबीन म्हणाला, हरला.
जवस बोटांतून निसटून जमिनीवर पळालं
तेव्हा कुंदा चुलीपासून ओरडली,
"सांडू नका रे पोट्टेहो, मोजून ठेवलं हाय मी!"
पण आली. बसली. तिनंही पट्टी बांधून घेतली
आणि सातही धान्यं न चाचपता, नुसती ताटली हलवून
आवाजावरून सांगितली.
समीक्षा म्हणाली, हे चीटिंग आहे.

धान्य संपलं तेव्हा समीक्षाच म्हणाली, आता माणसं.
हात धरायचा, नाव सांगायचं.

प्रणयनं पहिला हात धरला.
तळव्यावरून बोट फिरवलं, नखांच्या कडांवर थांबला,
बोंडाच्या वाळक्या टोकांनी चिरलेल्या
त्या बारीक भेगा एकेक करून मोजल्यासारख्या पाहिल्या
आणि एकदम खात्रीनं म्हणाला,
"बाबा."

समीक्षा हसली. मग तिचं हसणं
अर्ध्यातच कुठंतरी अडकलं.
मी माझे हात पाहिले.
वीस वर्षं पॉपलीन, टेरिकॉट, फॉलची किनार.
कापड माणसाला मऊ करत नेतं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कुंदानं हात सोडवला नाही.
घसा खाकरला, आवाज जाड केला,
"हो, बाबाच हाय मी."
मग माझा टेप गळ्यात टाकून उभी राहिली,
कानामागं खडू, एक डोळा बारीक,
"आज नाही झालं ताई, काज-बटन राहिले,
मंगळवारी या. मंगळवारी नक्की."

पोरं लोळली. मीही.
गावातल्या प्रत्येक बाईला दिलेला माझा मंगळवार
तिच्या तोंडून किती लबाड वाटत होता!

मग प्रणय समीक्षा झाला, आरशापुढून हलेना.
समीक्षा प्रणय झाली, आंघोळीला नाही म्हणाली.
उरलो मी.
मला कुंदा व्हायचं होतं.

तिची वेचणीची ओटी कमरेला बांधली,
डोक्याला दुपट्टा गुंडाळला
आणि उभाच राहिलो.
सकाळी ती निघते तेव्हा मी झोपेत असतो.
धुऱ्यावर ती काय बोलते, कुणाशी भांडते,
दुपारचा डबा कुठल्या झाडाखाली सोडते,
एकही वाक्य येईना मला.

"पहिले वाक," ती म्हणाली.
वाकलो.
"अजून."
वाकलो.
"आता असाच राह्य. चार वाजेपर्यंत."
"आणि बोलू काय?"
"काही नाही बोलत मी तिथं. कापूस मोजतो मनात.
कधी कधी तुह्या गिऱ्हाइकायले शिव्या देतो."

तेवढ्यात डब्यामागं फोन थरथरला. टॉवर आला होता.
प्रणय धावलाच, खोटं कशाला सांगू.
समीक्षा त्याच्यामागं.
मी ओटी बांधून तसाच वाकलेला,
आणि कुंदा सांडलेलं जवस टिपत होती,
एकेक दाणा, हसत.

सकाळी पट्टी सापडेना.
शोधता शोधता दारातून पाहिलं,
कुंदा बायांसोबत वळणावर पोचली होती,
उजव्या हाताच्या बोटाला जांभळं काहीतरी.

त्या दिवशी दोन ब्लाऊज बाजूला ठेवले
आणि जाड मांजरपाटाच्या
दहा लहान टोप्या शिवल्या, बोटांच्या.
माप घ्यायला माणूस घरी नव्हता,
अंदाजानं कापलं.

नऊ बसल्या. अंगठ्याची एक सैल झाली.
तिनं ती हलवून दाखवली माझ्यापुढं,
खुळखुळ्यासारखी,
काही बोलली नाही, वाट पाहत राहिली.

मी म्हणालो, मंगळवारी.