दीड इंच माया

मल्हारगंजात, माझ्या दुकानाच्या वरच्या फळीवर
मापांच्या सत्तावीस वह्या आहेत.
पहिल्या तीन वडिलांच्या, पेन्सिलीतल्या,
बाकीच्या माझ्या.
पानाच्या डोक्यावर नाव, खाली छा. कं. बा.,
कोपऱ्यात बाकी.

यंदा माणसं भराभर गेली.
दिवाळीत उषःप्रभा निगुडकर.
पेपरात आलं, रंगभूमीची सम्राज्ञी,
फोटो तिशीतला.
माझ्या वहीत तिची कंबर दोनदा लिहिलेली आहे,
एक तिला वाचून दाखवलेली, एक खरी.
त्या मधल्या इंचावर
आमची चाळीस वर्षांची ओळख टिकली.

पौषात हरिनारायण पहिलवान.
टीव्हीवर दहा सेकंद,
खालून शेअरचे भाव सरकत होते.
त्याच्या छातीला टेप पुरायची नाही.
एक टोक मी धरायचो, एक तो,
आणि एवढा धिप्पाड गडी
गुदगुल्या होतात म्हणून आरशाकडे तोंड करायचा.
हे कुणी छापलं नाही.
मीही आजवर कुणाला बोललो नव्हतो.

आणि परवा त्र्यंबक झोकरकर.

पोह्यांच्या गाडीवर एक पोरगा सांगत होता,
"भिया, चेंडू असा वळायचा, असा!"
हातातल्या जलेबीनं दाखवत होता.
त्याच्या जन्माआधी
झोकरकरांनी शेवटचं षटक टाकलेलं.
मी ऐकून घेतलं.
माझ्या पोह्यांवर जिरावन जास्त पडलं होतं.

छाती चौतीस. बाही साडेतेवीस.
डावा खांदा पाऊण इंच खाली.
एकवीस वर्षांची गोलंदाजी
माझ्या वहीत एवढीच आहे, पाऊण इंच.
संघाचा कोट शिवला तेव्हा
मी त्या खांद्यात गुपचूप कापूस भरला,
दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून.
घालून पाहिला, काढला,
म्हणाले, "उपस रे तो. माणूस तिरका आहे,
कोटानं कशाला खोटं बोलायचं?"
बाकी अकरा रुपये.
विचारलं की म्हणायचे, पुढच्या विकेटला देतो.

काल त्यांची सून आली, कोट घेऊन.
संग्रहालय होतंय. काचेचं कपाट,
कपाटात पुतळा, पुतळ्याला कोट.
पुतळा दिल्लीहून आलाय,
छाती चाळीस, खांदे सरळ,
डोकं नाही.
"काका, बसतच नाहीये. सैल करून मिळेल?"

मी कोट उलटा केला.
वडील म्हणायचे, शिवणीत माया ठेव.
माणसाचं बरं चाललं की माणूस सुटतो,
तेव्हा कापड कुठून आणशील?
दीड इंच ठेवली होती, दोन्ही कुशीत, पाठीत.
झोकरकर कधी सुटले नाहीत.
पंचेचाळीस वर्षं ती माया
घडी घालून आतच बसली होती.

ब्लेडनं एकेक टाका उसवत गेलो.
बाहेरचा निळा विटून राखेसारखा,
बाह्यांवर मैदानातलं ऊन, कॉलरला हारांचे डाग.
आणि आतून निघाला
त्या दिवशी दुकानातून गेला तो निळा.
जसाच्या तसा. हात लावला तर कडक.

सून वाकून बघत राहिली.
म्हणाली, "हा रंग मी पाहिलाच नव्हता."
मग पुन्हा म्हणाली. मग नाक पुसलं.
मशीनला तेल हवं होतं, ते घातलं.

कोट झालाय. पुतळ्याला बसेल.
विटक्या निळ्यात ताज्या निळ्याच्या उभ्या पट्ट्या दिसतात,
त्याला इलाज नाही.
डावा खांदा मात्र सोडलेला नाही,
तो आहे तसाच, पाऊण इंच खाली.
सरळ पुतळ्यावर तिथं चुणी पडणार.
शाळेची पोरं रांगेनं येतील, बघतील,
कुणी म्हणेल, शिंप्याचे डोळे गेले वाटतं.

म्हणू दे.