येणे बाकी

माझ्या कारकुनाचं आडनाव पगार.
मूळचे सटाण्याकडचे.
दर एक तारखेला दारातूनच म्हणतात,
"मॅडम, पगार आलाय."
एकवीस वर्षं झाली. मी एकवीस वर्षं हसते
आणि ड्रॉवर उघडते.
ड्रॉवरमध्ये कधी पैसे असतात,
कधी नुसती वेल्फेअरची तिकिटं.

मेहेर सिग्नलच्या मागे, दुसरा मजला, दोनशे दहा चौरस फूट.
खाली झेरॉक्स, शेजारी दातांचा डॉक्टर.
दुखतंय तोवरच माणूस पैसे देतो,
हे त्याला कॉलेजातच शिकवलं असणार.
आम्हाला शिकवलं: पाटी मोठी नको,
जाहिरात नको, निकालावर टक्का नको.
भाडं कशातून द्यायचं
हा पेपर अभ्यासक्रमात नव्हता.

रामकुंडावर कावळा शिवायच्या आधी
दक्षिणा ताटात पडलेली असते.
माझ्याकडे म्हणतात, "निकाल तर लागू द्या."
लागला की, "आणि अपील झालं तर?"
हरलेले काही बोलत नाहीत,
कॅनडा कॉर्नरला मी दिसले की
रस्ता ओलांडतात.
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.
शहाण्यांनी हे ऐकलं, हाच आमचा तोटा.
जे चढतात, त्यांचं पाकीट घरी राहिलेलं असतं.

दामोदर तांबटांचा वाटणीचा दावा नऊ वर्षं चालला.
शेवटी रिक्षातून एक घंगाळ घेऊन आले,
वडिलांनी हातानं ठोकलेलं,
चारही भावांच्या यादीतून निसटलेलं.
पगारांनी ते भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलं
आणि वहीत लिहिलं:
घंगाळ एक, साडेचार किलो, अंशतः वसूल.
त्यात आता छत्र्या असतात,
आणि निकाली फायलींची जुनी कव्हरं.

प्रणोती जूनपासून येते आहे.
तिला काय द्यायचं विचारलं तेव्हा मी म्हणाले,
"आधी काम तर शीक, पुढचं पुढे बघू."
वाक्य पूर्ण झालं आणि कळलं,
हा माझ्या सीनिअरांचा आवाज.
तोच खोकला, तीच खिडकीकडे वळलेली मान.
यापुढे हे कुणाला म्हणणार नाही, असं
मी त्यांच्या जिन्यात उभी राहून ठरवलं होतं.

एकतीस मार्चच्या रात्री वही घेऊन बसले.
पगार पेन्सिलीनं लिहितात.
म्हणतात, शाईनं लिहिलेलं येणं
माणसाला कडू करतं.
गाडेकर: चेक बाउन्सचा खटला,
फीसाठी दिलेला चेक, तोही बाउन्स.
हेमाडी बंधू: सात तारखा, फोन बंद.
शमीम आपा, वडाळा नाका, पोटगी.
ही रक्कम मी खोडली.
पोटगीतून फी म्हणजे
पोरांच्या ताटातली पोळी मोजून घेणं.
बाकीच्यांची बेरीज केली. चांगला आकडा आला.
एवढे खरंच हातात असते
तर स्वतःचा गाळा झाला असता.

मग शेवटचं पान. वर लिहिलेलं: देणे.
खाली एकच ओळ, इतकी पुसट
की दिवा जवळ ओढावा लागला.
"पगार. एप्रिल ते नोव्हेंबर. सन वीस."
कोर्ट बंद होतं ते आठ महिने.
सुरू झालं की देते, म्हणाले होते.
कोर्ट केव्हाच सुरू झालं.
कागद तिथं खरबरीत लागला बोटाला.
खोडरबर फिरवलं होतं एकदा,
आणि नंतर, कोण जाणे कुठल्या महिन्यात,
तेच परत लिहिलं होतं.

मी पेन काढलं.
अक्षरावरून अक्षर गिरवलं, शाईनं.

सकाळी ते दारात.
चप्पल काढली, टेबलावरची वही पाहिली,
उघडंच होतं ते पान.
ठरलेला विनोद त्यांनी केला नाही.
मी घंगाळाकडे पाहिलं. त्यांनीही.
"ते नको," म्हणाले,
"आपली बोर्डावर तिसरी आहे. चला,
बँड विसरू नका."