निधान

दुसऱ्या फाटकाजवळ सायकल थांबली तेव्हा
गाडी यायला अजून वेळ होता.
फाटक खाली. मागं रिक्षा, दूधवाले, शाळेची मुलं,
सगळे घाईत, सगळे हॉर्नवर.
आणि मला एकटीला वाटलं,
हे आता उघडूच नये.

तशी मी हरलेली वगैरे नव्हते.
दहावीला ब्याण्णव टक्के, गल्लीभर कुंदा वाटलेला.
मग पीयूसी, मग नीट, मग पुन्हा नीट.
रिपीटर. क्लासच्या हजेरीत हा शब्द
माझ्या नावाच्या आधी येतो.
रविवारी टेस्ट, सोमवारी रँक भिंतीवर,
मंगळवारी हुक्केरी सर म्हणणार,
"पेटून उठा. आत आग पाहिजे, आग."

आग होती की, सर.
तेवढीच तर उरली होती.
प्रकाशाच्या धड्यातली एक ओळ मी चौदा वेळा वाचली
आणि चौदाव्यांदाही ती
दुसऱ्याच कुणाला आलेली चिठ्ठी निघाली.
पिवळ्या पेननं रेघा मारत गेले,
अख्खं पान पिवळं झालं,
आता महत्त्वाचं काय ते कसं कळणार?
कंगव्यात केस. डब्यात तसाच भात.
रात्री दिवा मालवून शाहीन म्हणाली,
"रडायचंय तर आवाज काढून रड की.
असं ऐकायला लई अवघड जातंय."

घरी सांगितलं, ताप आहे.
खानापूरच्या बसमध्ये पुस्तकांची पिशवी
मांडीवर घेतली नाही, पायाशी ठेवली.
चार दिवस झोपले.
आई उठवायला आली नाही,
दारातून पाण्याचा तांब्या तेवढा आत सरकवायची,
बाळंतिणीच्या खोलीत सरकवतात तसा.
ताप कुणी मोजला नाही.

पाचव्या दिवशी परसात गेले.
बाबांचा आवा भाजून झाला होता,
वरून चिखलानं लिंपलेला, धूर संपलेला.
मला वाटलं, झालं.
एक खापर बाजूला करून आत बघावं म्हणून हात घातला
तर निंगव्वानं मनगटच धरलं.
"निधान, तंगी, निधान."

आत अजून लाल आहे, तिनं खुणेनं सांगितलं.
आत्ता वारा लागला तर टिचतील,
भाजलेलीसुद्धा,
भाजलेलीच आधी.
विस्तव विझल्यावर दोन दिवस काही करायचं नसतं.
ते काही न करणं हेसुद्धा आव्याचंच काम,
त्या दोन दिवसांची मजुरीही
ती बाबांकडून मोजून घेते.

निधान.
सातवीत शब्दार्थात पाठ केलेला:
निधान म्हणजे ठेवा, पुरलेलं धन. एक मार्क.
निंगव्वाच्या तोंडी निधान म्हणजे सावकाश,
घाई नको, आहे तिथंच आहे सगळं.
एकच शब्द,
आणि अठरा वर्षं मी त्याच्या एकाच बाजूला राहिले,
बसच्या पाट्या दोन्ही लिप्यांत वाचत असून.

आवा उघडला तेव्हा कडेची सात-आठ मडकी कच्ची निघाली.
बाबांनी बोटानं वाजवून बघितली, बद्द आवाज,
आणि वेगळी काढून ठेवली,
पुढच्या खेपेला मधोमध रचायला.
त्यांच्यावर काही लिहिलं नाही.

एवढ्यावरून वाटेल, मी बरी झाले.
तसं नाही. काल पुन्हा स्वप्नात ती भिंत आली,
माझा नंबर शोधता शोधता कागद संपतच नव्हता.
पण आज संध्याकाळी पालथ्या कुंडीवर बसून
चार गणितं सोडवली. दोन चुकली.
जेवायला हाक आली तेव्हा पुस्तक मिटलं,
पानात खूण न घालता.

शाहीनचा मेसेज आलाय: "कधी येतीस?"
मी लिहिलं: "निधान."
तिनं विचारलं,
"कुठल्या भाषेत?"